वाघ दिसला काय?

नागझिऱ्याहून परत आलेल्या मनुष्यास आपल्या जिल्ह्यांत पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हें वाचकांस सांगावयास नकोच. "वाघ दिसला काय?" ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या बिचाऱ्याची सहल सफळ कीं निष्फळ हें ठरतें. दिसला म्हटलें तर ऐकणाऱ्यांचा घोळका जमतो, नाहीं म्हटलें तर "मग पैसे वायां गेले म्हणावयाचे!" असा शेरा मारून मंडळी आपापल्या कामास लागते. पहाटेचें धुकें, ऐनाच्या झाडांखालून संथपणें जाणारा गव्यांचा कळप, झिऱ्याच्या ओल्या मातींत उमटलेल्या नाना प्राण्यांच्या पावलांच्या खुणा, ह्यांची कोणी चौकशीही करीत नाहीं. ही विचारण्याची रीत आमच्या मतें घातक आहे. ती आतां शाळांच्या सहलींतही शिरूं लागली आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ज्यास आपण सर्व जण नुसतें 'नागझिरा' म्हणतों, त्याचें स्वरूप ध्यानांत घेऊं. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० सालचें व नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचें. त्या वेळीं हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हां नवेगांव तिकडे गेलें आणि नागझिऱ्याचें रान दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर राहिलें. पुढें २०१३ सालीं नवेगांवचें उद्यान व अभयारण्य, जुना व नवा नागझिरा, आणि भंडारा शहराजवळचें कोका अभयारण्य हीं पांच वनें मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या गाभ्याचें क्षेत्र सुमारें ६५० चौरस किलोमीटर आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह व बांबू ह्यांचें हें मिश्र रान. त्यांत वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ व रानकुत्रे राहतात. येथील वाघांची संख्या वाढावी म्हणून २०२३ सालीं चंद्रपुराकडील रानांतून दोन वाघिणी आणून सोडण्यांत आल्या. एवढी संपत्ति दाराशीं असतां शाळेनें तिच्याकडे पाठ फिरवावी, असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. प्रश्न आहे तो तिच्याकडे कोणत्या वाटेनें जावें, हा.

हल्लींची वाट सर्वांस ठाऊक आहे. पिटेझरीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या प्रवेशद्वाराशीं नोंद करावयाची, उघड्या जिप्सींत बसावयाचें, बरोबर वाटाड्या घ्यावयाचा, ठरलेल्या रस्त्यानें फिरावयाचें आणि ठरलेल्या वेळीं बाहेर यावयाचें. खालीं उतरण्यास मनाई; पावसाळ्यांत रान बंद. हे नियम योग्यच आहेत. वन्य प्राण्यांस निवांतपणा हवा, आणि तो माणसानें आपली हौस आवरल्यावांचून मिळत नाहीं. परंतु शाळेच्या दृष्टीनें हिशेब मांडला म्हणजे काय आढळतें? एका वाहनांत सहा मुलें बसलीं असें धरलें तरी पन्नास मुलांच्या वर्गास आठ-नऊ वाहनें लागतात. त्यांचें भाडें, प्रवेशशुल्क व वाटाड्याची मजुरी मिळून जी रक्कम होते, ती धानाच्या बांधींत राबणाऱ्या पालकास पेलणारी नसते. परिणाम असा होतो कीं ज्यांच्या घरीं पैसा आहे तीं मुलें रान पाहून येतात, आणि ज्यांचें घर रानाच्या कडेला आहे तीं शाळेंत मागें राहतात. बरें, जीं जातात तींही चार तास बसून राहतात. पानाला हात लावावयाचा नाहीं, मातीचा वास घ्यावयाचा नाहीं. डोळे वाघाच्या शोधांत, आणि वाघ न आढळल्यास चेहरे उतरलेले. ह्यास शिक्षण म्हणणें कठीण आहे.

येथें एक भेद लक्षांत घेणें अवश्य आहे. नागपूर, मुंबई किंवा परदेशांतून येणारा प्रवासी हा ह्या रानाचा पाहुणा होय. आपलीं मुलें त्याचीं शेजारी आहेत. पाहुण्याचें काम घर पाहून, चार गोड शब्द बोलून निघून जाण्यानें भागतें. शेजाऱ्याला मात्र पलीकडच्या घरीं पाणी किती आहे, वाट कोणत्या वेळीं बंद असते, कोठें सांभाळून वागावें, हें सारें ठाऊक असावें लागतें; कारण त्याला जन्मभर तेथेंच राहावयाचें असतें. मार्च-एप्रिलांत मोहफुलें वेंचण्यास आणि पुढें उन्हाळ्यांत तेंदूची पानें तोडण्यास आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आया पहाटेंच्या अंधारांत रानांत जातात. २०२२ सालीं एका वाघानें लाखांदूर, वडसा व ब्रह्मपुरी ह्या भागांत हिंडून, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर ह्या तीन जिल्ह्यांतील मिळून तेरा माणसें मारलीं. ऑक्टोबरांत तो पकडला गेला तेव्हां कोठें त्या गांवांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या घरांतील माणूस असा गेला, त्या घरांतील मुलास "वाघ दिसला काय?" हा प्रश्न कसा लागत असेल, ह्याचा विचार करावा. त्याच्या मनांत वाघ म्हणजे केवळ भय. शहरांतील त्याच्या मित्राच्या मनांत वाघ म्हणजे केवळ करमणूक. रान दोघांसही कळलेलें नाहीं. आणि उद्यां त्या रानाचा निवाडा करण्याचें काम ह्याच मुलांच्या हातीं येणार आहे. त्यांतला एखादा ग्रामसभेंत बसेल, एखादी वनरक्षक होईल, कोणी रस्त्याचा ठेका घेईल, कोणी शेतांत विजेची तार सोडावी कीं न सोडावी ह्या विचारांत पडेल. त्या वेळीं त्यांच्यापाशीं नुसतें भय किंवा नुसती हौस असली, तर रान व गांव दोघांचेंही अकल्याण होईल.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं शाळेच्या सहलीनें राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराबाहेर राहावें, पायीं किंवा सायकलीनें जावें, आणि वर्षांतून एकदां मोठा खर्च करण्याऐवजीं चार ऋतूंत चार वेळां जावें. द्वाराबाहेर पाहण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर पुढें देतों.

पहिलें स्थान आम्ही तळ्यांस देतों. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु हीं तळीं देवानें खणलेलीं नसून माणसांनीं बांधलेलीं आहेत, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनीं ह्या कामीं मोठें कौशल्य मिळविलें. दोन टेकड्यांमधून पाणी कोठून वाहतें हें पाहावयाचें, तेथें मातीची पाळ घालावयाची, जास्तीच्या पाण्यास वाट ठेवावयाची, आणि तुडूम उघडून हवें तेव्हां, हवें तेवढें पाणी खालच्या धानाच्या बांधींत सोडावयाचें, अशी ही योजना. पाऊस आश्विनांत दगा देतो आणि धान तर तेव्हांच ओंबीवर आलेलें असतें. अशा वेळीं तळ्याचें एक पाणी मिळालें तर पीक हातीं लागतें, न मिळालें तर वर्ष बुडतें. वरच्या तळ्याचें ओसंडलेलें पाणी खालच्या तळ्यांत व तेथून आणखी खालच्या बोडींत जाईल, अशी सांखळीही कित्येक गांवीं आढळते. नवेगांवचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें बांधला, असें सांगतात. ज्या राष्ट्रीय उद्यानाचें नांव आपण इतक्या अभिमानानें घेतों, त्याचें हृदय म्हणजे एका शेतकऱ्यानें घातलेली मातीची पाळ आहे, ही गोष्ट एकदां मुलांच्या मनावर ठसली कीं 'रान निराळें व गांव निराळें' हा भ्रम आपोआप दूर होईल.

ह्या तळ्यांचा पुढील इतिहासही शिकण्यासारखा आहे. मालगुजारीच्या काळीं पाळीची डागडुजी करून घेण्याची जबाबदारी मालगुजाराची असे, व गांवकरी आपल्या श्रमानें तींत वांटा उचलीत. १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि तळीं सरकारच्या ताब्यांत गेलीं. मालगुजारीचा अन्याय गेला हें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर पाळीवर दरवर्षीं चार टोपल्या माती टाकण्याची गांवची संवयही गेली. 'माजी मालगुजारी तलाव' ह्या लांबलचक सरकारी नांवाचें लोकांनीं 'मामा तलाव' असें केलें. मामाचें नांव मिळालें खरें, पण भाचे कांहीं मामाकडे लक्ष देईनात! गाळ सांचला, बेशरमाचीं झुडुपें माजलीं, पाण्यांतील देशी वनस्पति नाहींशा झाल्या, आणि त्यांच्या आश्रयानें राहणारे मासे व पाखरेंही कमी झालीं. ढिवर बांधवांच्या पोटावर त्याचा पहिला घाव बसला. समाधानाची गोष्ट ही कीं हें पुन्हां सुधारतां येतें, असें ह्याच मुलखांत सिद्ध झालें आहे. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' ह्या संस्थेनें ढिवर स्त्रीपुरुषांच्या साहाय्यानें अर्जुनी मोरगांवच्या भागांत कित्येक तळ्यांतील बेशरम उपटून, तळाची जमीन नांगरून, तेथें देशी पाणवनस्पति लावल्या. त्यामुळें मासे परतले व पांखरेंही परतलीं. कोणतें गवत कोणत्या माशास हवें हें ज्ञान तेथें पुस्तकांतून आलेलें नव्हतें. तें म्हाताऱ्या ढिवरांच्या तोंडीं होतें. अशा एका आजोबांस शाळेनें पाळीवर बोलावून तासभर बोलतें करावें. विज्ञानाचा तो तास मुलें जन्मांत विसरणार नाहींत.

दुसरें स्थान पाखरांचें. कार्तिक ते माघ ह्या महिन्यांत आपल्या तळ्यांवर दूरदूरचीं बदकें उतरतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले कादंब हंस मध्य आशिया व तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतात आणि आपल्या धानाच्या तळ्यांत विसावा घेतात. भूगोलाच्या पुस्तकांतला हिमालय आणि आपल्या गांवची बोडी ह्यांना जोडणारा हा जिवंत दुवा मुलांस दाखविण्यास एक पैसाही लागत नाहीं. सारसाची गोष्ट तर ह्याहूनही जवळची. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगांत सर्वांत उंच. उभा राहिला असतां पुरुषभर दिसतो. महाराष्ट्रांत आतां तो मुख्यतः गोंदिया व भंडारा ह्या दोन जिल्ह्यांतच काय तो उरला आहे, आणि तोही मोजका. तो अभयारण्यांत राहत नाहीं. तो राहतो आपल्या बांधींत व तळ्याच्या कांठीं. पावसाळ्यांत उभ्या धानांत तो घरटें करतो व बहुधा दोन अंडीं घालतो. त्या घरट्यापायीं कांहीं हात जागेवरचें धान वायां जातें, हें खरें. परंतु तेवढें सोसणारा शेतकरी आहे म्हणूनच महाराष्ट्रांत सारस आहे. कीटकनाशक औषधें व विजेच्या तारा हे त्याचे वैरी. ह्या पक्ष्याचें रक्षण कोणताही वनरक्षक एकटा करूं शकणार नाहीं. तें शेतकऱ्याच्या मुलामुलींनींच करावयाचें आहे, आणि त्यासाठीं त्यांनीं तो आधीं ओळखला पाहिजे.

येथें मारुती चितमपल्ली ह्यांचें स्मरण होणें साहजिक आहे. १९३२ सालीं सोलापुरांत जन्मलेल्या ह्या वनाधिकाऱ्यानें नवेगांवच्या रानांत व तळ्यावर कित्येक वर्षें घालविलीं. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व त्याच वर्षीं ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांत व पक्षिकोशांत पाखरांचीं जीं शेंकडों नांवें आढळतात, त्यांतील पुष्कळ त्यांनीं आदिवासी, ढिवर व पारधी ह्यांच्या तोंडून ऐकून टिपून ठेविलीं. मोठ्या अधिकाराचा मनुष्य अशिक्षितांपाशीं विद्यार्थी होऊन बसला, म्हणून मराठी भाषेस हा ठेवा लाभला. आमच्या विद्यार्थ्यांनीं सहलीस जातांना त्यांच्यासारखी एक वही खिशांत ठेवावी आणि आपल्या आजीच्या बोलीतलें एकेक नांव तींत उतरून घ्यावें, अशी आमची मनापासून इच्छा आहे. झाडीबोलीतला शब्द वहींत लिहिण्याची ज्यांस लाज वाटते, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

तिसरी सहल इतिहासाची असावी. ह्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण स्थळें सर्वांस परिचित आहेत. पवनी येथें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग ह्यांनीं उत्खनन करून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडांत आणिला. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आढळलीं. पवनीजवळच १९८८ सालीं पायाभरणी झालेलें गोसीखुर्दचें धरण आहे. धरणानें काय दिलें व ज्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांनीं काय दिलें, ह्या दोन्ही गोष्टींचा विचार वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तेथें उभें राहून करावा. तुमसर तालुक्यांतील अंबागड किल्ला सतराव्या शतकाच्या अखेरीचा. तेथील चढण चढल्यावर सातपुड्याच्या रांगा व खालचीं तळीं एका दृष्टीक्षेपांत येतात, आणि नकाशा वाचण्यास त्याहून चांगली शाळा नाहीं.

चौथी सहल फाल्गुन-चैत्रांत, रानाच्या कडेच्या एखाद्या गांवीं, तेथील पालकांस बरोबर घेऊन करावी. पळस फुललेला असतो, मोहाखालीं फुलांचा सडा असतो. मोह कसा वेंचतात, पाचोळा जाळल्यानें वणवा कसा लागतो, वाकून फुलें वेंचणाऱ्या स्त्रीस वाघ चुकून सावज कां समजतो, एकट्यानें जाण्याऐवजीं घोळक्यानें व आवाज करीत कां जावें, हें सारें तेथें समजेल. ही माहिती एखाद्या मुलीच्या आईचा जीव वांचवूं शकते. त्याच वेळीं 'जय' नांवाच्या वाघाची हकीकत सांगावी. नागझिऱ्यांत जन्मलेला हा वाघ २०१३ सालीं शेतें, रस्ते व वैनगंगा ओलांडीत उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानांत पोंचला. तेथें त्याची कीर्ति देशभर झाली; २०१६ च्या एप्रिलानंतर तो पुन्हां कोणास दिसला नाहीं. दोन अभयारण्यांच्या मधला त्याचा मार्ग कोणाच्या मालकीचा होता? तुमच्या-आमच्या. वाघाचें अर्धें रान आपल्या शेतांतून जातें, ही गोष्ट जिप्सींत बसून कळणारी नव्हे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पालक म्हणतात, "गुरुजी, रानाजवळ मुलें न्यावयाचीं म्हणजे जिवाशीं खेळ." ही काळजी रास्त आहे, व तिचा उपहास करणाऱ्यानें सहल नेऊंच नये. वनखात्याच्या परवानगीवांचून रानांत पाऊल ठेवूं नये. पाळीवरून पाण्यांत उतरूं नये. दर दहा मुलांमागें एक मोठें माणूस असावें. सूर्य उगवल्यानंतर निघून मावळण्याच्या आधीं परतावें. एवढीं पथ्यें पाळलीं तर पायीं सहलीचें भय भरधाव मोटारीच्या प्रवासाहून अधिक नाहीं. दुसरा आक्षेप परीक्षेचा. वर्षांतील दोनशेंहून अधिक शाळेच्या दिवसांपैकीं चार दिवस दिल्यानें निकाल खालीं येईल, असें आम्हांस वाटत नाहीं. उलट भूगोल, विज्ञान, इतिहास व मराठी निबंध ह्या चारही विषयांचा अभ्यास त्यांत अंतर्भूत आहे. तिसरा आक्षेप मुलींविषयीं. रानांत प्रत्यक्ष जाणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ असतां मुलींस घरीं ठेवणें हें आम्हांस उमजत नाहीं. आमच्या मतें त्यांची जागा सर्वांत पुढें असावी.

कोणी म्हणेल, "मग काय, मुलांनीं वाघ पाहूंच नये?" अवश्य पाहावा; ज्यांस साधेल त्यांनीं आपल्या कुटुंबासह जाऊन पाहावा, आणि वनखात्यानें जिल्ह्यांतील गरीब मुलांस तो अल्प खर्चांत दाखविला तर आम्हांस आनंदच होईल. परंतु शाळेचें काम ह्याहून निराळें आहे. सहलीहून आलेल्या मुलास घरच्या माणसांनीं पहिला प्रश्न बदलून विचारावा, अशी आमची पालकांस विनंती आहे. कोणाच्या पाळीवरून गेलास, कोणतें पाखरूं ओळखलेंस, कोणत्या आजोबांपाशीं बसलास, वहींत काय लिहिलेंस, असें विचारावें. ह्या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील अशा सहली नेणें हें शिक्षकांचें कर्तव्य होय. येत्या कार्तिकांत शहरांतील खांब तलावापासून व कारध्याच्या नदीकांठापासून आरंभ करण्यास कोणाचीच हरकत नसावी. दोन्ही ठिकाणें शाळेपासून चालत जाण्यासारखीं आहेत. इतर शाळांनींही आपापल्या गांवच्या तळ्यापासून असाच प्रारंभ करावा.